अर्जदाराशी नातं

४ फेब्रुवारी

वन्सं,

सुरुवातीलाच भांडून घेते, म्हणजे शेवटी गोड बोलायला मी मोकळी. तुमच्या कार्यालयाची नोटीस दुकानात येऊन धडकली आहे. आता म्हणे घरच्या घरी कुत्र्यामांजरांचं खाद्य करून विकणाऱ्यांनीही पाकिटावर रीतसर लेबल लावायचं, आत काय काय आहे ते छापायचं, आणि छापण्याआधी तो मजकूर तुमच्याकडून तपासून घ्यायचा. इतकी वर्षं तुझा दादा मागच्या खोलीत पातेलं चढवून खाद्य शिजवत होता, वाळवत होता, स्वतःच्या हाताने पाकिटावर ‘अस्सल कोंबडीचं खाद्य’ असं लिहीत होता. एकाही कुत्र्याने तक्रार केली नाही. हे असते तर त्या नोटिशीची पुडी करून त्यात पाखरांचे दाणे बांधून दिले असते.

पण हे नाहीत. वर्ष उलटलं तरी हे वाक्य लिहिताना पेन अडतं. चहाचं आधणही अजून दोघांचंच ठेवलं जातं.

तर आता तूच सांग काय लिहायचं ते. तुमच्या त्या टेबलावर बसून तू लोकांच्या पाकिटांना नावं ठेवतेस, तर घरच्या पाकिटाला नाव द्यायलाही शीक. लोक म्हणतात नणंद म्हणजे घरातला पोलीस. आमच्याकडे ती खरोखरच सरकारी निघाली.

बाकी सगळं ठीक. तुझ्या खोलीत कणीची पोती ठेवणार होते, पण ठेवली नाहीत. तिथे ओल येते.

आणि हो, माहेरहून माझा भाऊ, अण्णा, येऊन गेला. दुकान विकून टाक आणि माझ्याकडे राहायला ये, म्हणतोय. वरच्या मजल्यावरची खोली रिकामी आहे म्हणे. वहिनीही चांगली आहे माझी. तुला काय वाटतं?

तुझी वहिनी

१३ फेब्रुवारी

वहिनी,

तुझं पत्र जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि एकटीच हसले. शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ म्हणाले, बरं आहे ना?

आमच्याकडे काय चालतं ते ऐक. परवा एका मोठ्या कंपनीचं पाकीट आलं. त्यावर ‘पशुवैद्यांनी सुचवलेलं’. आम्ही लिहून विचारलं, कोणत्या पशुवैद्यांनी? उत्तर आलं, मालकांच्या जावयांनी. जावई दातांचा डॉक्टर निघाला, तोही माणसांच्या. दुसरं एक मांजरांचं. वर एवढा मोठा मासा छापलेला, आणि आत माशाचा नुसता वास. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, असं मी शेऱ्यात लिहिणार होते. आमच्या चष्मेवाल्या बाईंनी, म्हणजे माझ्या वरिष्ठांनी, ते खोडलं. पण त्याही हसल्या. येत्या काही महिन्यांत मला दाव्यांच्या टेबलाची, म्हणजे पाकिटांवरचे असले दावे तपासणाऱ्यांची, मुख्य करायचं त्यांच्या मनात आहे. मला हे काम फार आवडतं, वहिनी. मुक्या जिवाला लेबल वाचता येत नाही, म्हणून कोणीतरी त्याच्यासाठी वाचायला हवं.

आता तुझं. पातेल्यात जे जास्त वजनाचं पडतं ते यादीत पहिलं, मग त्याहून कमी, असं उतरत्या क्रमाने लिहायचं. वजन शिजवण्याआधीचं. आणि ज्याचं नाव मोठ्या अक्षरात मिरवायचं, तो घटक यादीत पहिला हवा. काय काय घालतेस ते कळव, मी मांडून देते.

इथे ठीक आहे. चहा पातळ मिळतो. रविवार जरा लांबतो. जिन्याखाली एक कुत्रा बसतो, त्याला माझी ओळख पटत नाही.

अण्णांचं म्हणशील तर तुझ्या सोयीचं असेल ते कर. माझा विचार करू नकोस.

तुझी,
सरकारी नणंद

२२ फेब्रुवारी

वन्सं,

पातेल्यात काय पडतं ते लिहिते. कणी, तांदळाचं पीठ, तांदळाचा कोंडा, कोंबडीचं मांस आणि काळीज, गाजर, थोडं तेल. कोंबडी भरपूर असते. कंजूषपणा यांनी कधी केला नाही आणि मीही करत नाही. हातच्या कांकणाला आरसा कशाला? कोपऱ्यावरच्या रखवालदाराची दोन्ही कुत्री पाकीट उघडायच्या आतच शेपट्या हलवतात. तो म्हणतो, मालक गेले पण चव गेली नाही.

नाव मात्र ‘अस्सल कोंबडीचं खाद्य’ हेच राहील. यांनी ठेवलेलं आहे.

अलीकडे दुपारी दुकान बंद करत नाही. घरी जाऊन करायचं काय? रेडिओ लावून बसते, जरा मोठ्यानेच. बँकेतून निवृत्त झालेल्या बाई त्यांच्या जाड्या मांजरासाठी येतात आणि तासभर बोलतात. पूर्वी मी त्यांना टाळायचे, आता स्टूल पुढे करते. पोस्टमन गल्लीत शिरला की वजन करताना माझं माप चुकतं, म्हणून तो जाईपर्यंत मी वजन करतच नाही.

अण्णाचं तू लिहिलंस ते बरोबर आहे. माझ्या सोयीचं बघायला हवं. तुझा विचार करणार नाही, काळजी करू नकोस.

वहिनी

३ मार्च

वहिनी,

रागावू नकोस. तू दिलेल्या मापांवरून मी दोनदा मांडून पाहिलं. कोंबडी खरंच भरपूर आहे, पुष्कळ कंपन्यांपेक्षा जास्त. तरीही तांदूळ तिच्याहून जड भरतो. यादीत तांदूळ आधी, कोंबडी मग. आणि मग ‘अस्सल कोंबडीचं’ हे नाव बसत नाही. ‘तांदूळ आणि कोंबडीचं खाद्य’ असं बसतं.

दादा खोटं बोलत होता असं मी म्हणत नाही. आपल्या मुलाबद्दल माणूस बोलतो ना, आमचा बाळ फार हुशार, तसं तो आपल्या खाद्याबद्दल बोलायचा. आपला तो बाब्या. त्याचं ते उजवीकडे कललेलं अक्षर मला इथेही दिसतं. तो शब्द तुझ्या पाकिटावरून माझ्यामुळे जावा, हे मला किती जड जातंय ते तुला कसं सांगू? पण उद्या हेच दुसऱ्या कोणाच्या पाकिटावर असतं तर मी खोडलं असतं. मग त्याच्यापुरता डोळा झाकून कसं चालेल? त्यालाही ते आवडलं नसतं.

लिही लवकर. तुझं पत्र आलं नाही की आठवडा संपल्यासारखा वाटतच नाही.

तुझी,
नणंद

२० मार्च

वन्सं,

कामात होते म्हणून लिहिलं नाही.

छापखानेवाल्याने तोड सुचवली आहे. तांदूळ असं एकच न लिहिता कणी वेगळी, पीठ वेगळं, कोंडा वेगळा असं लिहायचं. तिन्ही जातातच, खोटं काही नाही. एकेकाचं वजन कोंबडीपेक्षा कमी भरतं. मग कोंबडी आपोआप पहिली आणि यांचं नाव यांच्या जागी. सगळे असंच करतात म्हणाला. नमुना सोबत जोडला आहे.

अण्णा महिनाअखेरीला परत येतोय. दुकान बघायला एक गिऱ्हाईक आणणार आहे. तुझी सायकल मागच्या बाजूला आहे, ती विकून टाकू का? चाकांत हवा भरून ठेवली आहे. मधूनमधून भरावी लागते.

कळव.

वहिनी

२८ मार्च

वहिनी,

सायकल विकू नकोस.

नमुना पाहिला. छापखानेवाल्याला सांग, ही तोड आमच्याकडे रोज येते. एकाच दाण्याचे तीन तुकडे करायचे, तिघांना वेगळी नावं द्यायची, म्हणजे सगळे यादीत खाली खाली बसतात आणि वरची खुर्ची दुसऱ्याला मिळते. एकही शब्द खोटा नसतो आणि सगळं मिळून खोटं होतं. आम्ही काय करतो, एका घरचे सगळे एका ओळीत आणतो आणि बेरीज करतो. बेरीज केली की खरा पहिला घटक दिसतो. मला ती सवयच लागली आहे.

त्याच सवयीने परवा तुझी पत्रं पुढ्यात घेऊन बसले. चहाचं दोघांचं आधण. माझ्या खोलीत न ठेवलेली पोती, कारण म्हणे ओल, जी त्या खोलीत कधी आली नाही. दुपारचं न बंद केलेलं दुकान, मोठ्याने लावलेला रेडिओ, बँकेतल्या बाईंसाठी पुढे केलेलं स्टूल, पोस्टमनपायी चुकणारं माप, सायकलची हवा. एकेक इतकं बारीक की वाचताना मी पुढे गेले. आणि ठळक अक्षरात काय, तर बाकी सगळं ठीक.

सगळं एका ओळीत आणलं, वहिनी. तुला करमत नाही.

मलाही करमत नाही. माझ्या पत्रांची बेरीज तू केलीस तर तीच येईल. संध्याकाळी खोलीचं कुलूप काढते तेव्हा आतून कोणी विचारत नाही, आलीस का गं, म्हणून. शाळेतून यायचे तेव्हा तू विचारायचीस. नवीन नवरी होतीस, सगळ्यांना बिचकायचीस, मला मात्र वन्सं म्हणून चिडवायचीस. आई गेल्यावर माझ्या वेण्या तू घातल्यास. ताकाला जाऊन भांडं लपवायची आपल्या दोघींनाही खोड आहे, म्हणून आता सरळ लिहिते. ‘माझा विचार करू नकोस’ हे मी लिहिलं ते खरं नव्हतं. माझा विचार कर. तू गेलीस तर मला परत यायला घर राहणार नाही.

जाऊ नकोस.

तुझी वन्सं

६ एप्रिल

वन्सं,

तुझं पत्र गल्ल्याशी उभी राहून वाचलं. रखवालदार सुटे पैसे मागत होता, त्याला मी काय दिलं कोण जाणे.

करमत नाही. खरं आहे. तुझी इतकी आठवण येते की कधीकधी तुझा राग येतो. यांची येते तेव्हा निदान माहीत असतं, माणूस येणार नाही. तुझी येते तेव्हा दाराकडे बघितलं जातं.

पण जाऊ नकोस म्हणणं सोपं आहे. अण्णा आला होता. गिऱ्हाईक दुकान बघून गेलं. मग आम्ही दोघं मागच्या खोलीत बसलो. मी म्हटलं, मन होत नाही निघायला. तो ओरडला नाही. हळूच विचारलं त्याने, ‘ताई, सासूसासरे गेले, नवरा गेला, मूलबाळ नाही. इथे तुझं कोण आहे?’

तुझं नाव तोंडावर आलं होतं. पण तू माझी कोण, हे मी त्याला काय सांगणार? नवऱ्याच्या नात्याने तू माझी झालीस, आणि ते माणूसच मधून उठून गेलं. उद्या तुझा संसार होईल, आणखी लांब बदली होईल. तेव्हा मी कोणत्या हक्काने वाट बघायची? लोक विचारतील, ही कोण तुमची? तू म्हणशील, माझी वहिनी होती. होती, असंच म्हणतात ना?

अण्णा मे महिन्याच्या पहिल्या रविवारी टेम्पो घेऊन येतोय. मी हो म्हटलं आहे.

लेबलाचा अर्ज मात्र पाठवला. दुकान जाईल ते खऱ्या नावाने जाऊ दे. तांदूळ आधी लिहिला. यांच्या फोटोला सांगितलं, तुमच्या बहिणीचं ऐकलं. खाली माझं म्हणून एक वाक्य घातलं आहे, ‘प्रेमाने बनवलेलं’. तेवढं राहू दे.

एक मागते. अर्ज तुझ्याकडे आला तर शिक्का तू मार. जाताना ते एक पाकीट मी बरोबर नेईन. तुझ्या हातचं काहीतरी माझ्याजवळ राहील.

तुझी वहिनी

१६ एप्रिल

वहिनी,

अर्ज माझ्याच टेबलावर आला. मी शिक्का मारलेला नाही.

अर्ज निकाली निघेपर्यंत परीक्षकाने अर्जदाराला काही कळवायचं नसतं. हे चार शब्दही खरं तर लिहायला नकोत. कार्यालयाचं पत्र येईल.

वन्सं

२५ एप्रिल

वन्सं,

चार शब्द मिळाले.

वाट पाहिली की आणखी काही येईल, पण तू नियमाची पक्की. मी कशात चुकले ते कळलं नाही. तांदूळ पहिला लिहिला, तू सांगितलंस तसा. कदाचित तुझ्या बाईंसमोर तुला अवघड झालं असेल. मोठ्या पदाची वेळ आणि घरच्या बाईचं पातेल्यातलं खाद्य टेबलावर. मी समजू शकते. एक शिक्काच मागितला होता, तोही चुकीच्या माणसाकडे मागितला असं आता वाटतं.

खोकी बांधायला घेतली आहेत. तुझ्या खोलीतलं सामान वेगळं काढलं आहे, पत्ता दे म्हणजे पाठवते. तब्येतीला जप. पातळ चहा पिऊन पिऊन पित्त होईल, घरीच करून घेत जा.

वहिनी

२ मे

विषय : श्वानखाद्याच्या वेष्टनावरील मजकुरास मान्यता

महोदया,

आपल्या अर्जावरील निर्णयास झालेल्या विलंबाचे कारण नियमानुसार कळविण्यात येत आहे.

आपला अर्ज ज्या परीक्षिकेकडे सोपविण्यात आला होता, त्यांनी तो तपासण्यास लेखी नकार दिला. नकाराच्या प्रपत्रात ‘अर्जदाराशी नाते’ या रकान्यात त्यांनी ‘अर्जदार माझ्या घरच्या आहेत’ असे नमूद केले. नियमातील नातेवाईक या व्याख्येत हयात भावंडांचे जोडीदार येतात, भावंड हयात नसल्यास येत नाहीत, सबब सदर अर्ज तपासण्यास त्यांना कोणतीही आडकाठी नाही, असे वरिष्ठांनी त्यांच्या निदर्शनास आणून दिले. त्यावर त्यांनी ‘व्याख्या अपुरी आहे, नाते पुरे आहे’ असा शेरा लिहून नकार कायम ठेवला.

परीक्षिकेच्या घरातील व्यक्ती या व्यवसायात असल्याचे अशा रीतीने नोंदले गेल्याने त्यांना प्राणिखाद्य विभागात ठेवता येत नाही. त्यांची खत विभागात बदली करण्यात आली आहे.

आपला अर्ज अन्य परीक्षकांनी तपासला असून मजकुरास मान्यता देण्यात येत आहे. मात्र ‘प्रेमाने बनवलेलं’ हा दावा सिद्ध करता येण्याजोगा नसल्याने वगळावा.

कळावे,
कार्यालय अधीक्षक

७ मे

वन्सं,

आधी रागावते. दाव्यांचं टेबल मिळत होतं तुला. ज्या कामासाठी एवढ्या लांब गेलीस ते काम हातचं घालवून खतांच्या गोण्या वाचत बसलीस, आणि मला एका शब्दाने कळवलं नाहीस. शिक्का मारला असतास तर कोणाचं काय बिघडणार होतं? नियमात बसत होतं की. त्यांनी तुला लिहून दिलं होतं, ही तुझी कोणी नाही म्हणून. हे वाचून मी दुकानात मोठ्याने रडले. बँकेतल्या बाईंनी रेडिओ बंद केला आणि पाणी आणून दिलं.

मी तुझ्याबद्दल काय काय लिहून बसले होते. ते पत्र फाडून टाक.

आता रविवारचं सांगते. अण्णा टेम्पो घेऊन आला. खोकी दारातच होती. त्याने बाह्या वर केल्या, तेव्हा मी म्हटलं, आधी चहा घे. चहाबरोबर कार्यालयाचं पत्र दिलं. त्याने वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. ‘हे काय आहे?’ म्हणाला.

मी म्हटलं, ‘तू विचारलं होतंस ना, इथे माझं कोण आहे? सरकारकडून उत्तर आलंय.’

त्याने पत्राची नीट घडी घालून मला परत दिलं. मग म्हणाला, एवढं लिहून देणारं माणूस त्याच्या बघण्यात नाही. टेम्पो रिकामाच परत गेला. जाताना त्याच्या कुत्र्यासाठी खाद्याचं पाकीट मागून नेलं, आणि वरची खोली रिकामी ठेवणार आहे म्हणाला, तुम्ही दोघी कधी आलात तर.

लेबल छापायला दिलं आहे. ते वाक्य काढलं. त्यांचंही बरोबर आहे, प्रत्येकाने लिहिलं तर कोणाचं खरं मानायचं? नाव आता ‘तांदूळ आणि कोंबडीचं खाद्य’. रखवालदाराने वाचलं आणि म्हणाला, एवढा तांदूळ असतो होय? आणि नेहमीसारखं घेऊन गेला.

खोकी मात्र अजून तशीच दारात आहेत. दोनदा सुरी घेऊन बसले, पण एकटीने सोडवत नाहीत. तू ये. रजेच्या अर्जावर कारण विचारतील, तिथे काही जोडजाड करू नकोस. घरी जायचं आहे, एवढंच लिही.

तुझी वहिनी